फिलिस श्लॅफ्ली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या विसाव्या शतकाच्या राजकारणाविषयी लिहिताना फिलिस श्लॅफ्ली यांचे नाव आले की वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काही अगदी प्राथमिक असतात, काही कायद्याच्या खाचाखोचांचे असतात, आणि काहींमागे मनापासून आलेला राग असतो. त्या सगळ्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फिलिस श्लॅफ्ली नेमक्या कोण होत्या?

फिलिस श्लॅफ्ली (१५ ऑगस्ट १९२४ – ५ सप्टेंबर २०१६) या अमेरिकेतील पुराणमतवादी कॅथलिक कार्यकर्त्या, लेखिका आणि प्रकाशक होत्या. मिझुरी राज्यातील सेंट लुइस शहरात त्यांचा जन्म झाला आणि संसार व बहुतेक सारे सार्वजनिक काम मिसिसिपी नदीच्या पलीकडल्या काठावर, इलिनॉय राज्यातील ऑल्टन या लहान शहरातून झाले. १९७२ ते १९८२ या दशकात त्यांनी स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध चळवळ उभी केली, आणि सहज मंजूर होईल असे सगळे धरून चालले होते ती दुरुस्ती मुदतीत मंजूर होऊ शकली नाही. बहुतेकांना त्या एवढ्याच कामासाठी आठवतात. माझ्या मते त्यांची खरी ओळख प्रकाशक ही आहे. स्वतःचा छापखर्च, स्वतःचे वर्गणीदार आणि स्वतःची पत्त्यांची यादी हाताशी नसती, तर त्या चळवळीची सुरुवातच झाली नसती (प्रश्न ४ ते ६ पाहा).

२. त्यांचे बालपण कसे गेले? घर श्रीमंत होते का?

नव्हते. वडील वेस्टिंगहाउस कंपनीत यंत्रविक्रीचे काम करणारे इंजिनिअर होते. १९३० च्या महामंदीत त्यांची नोकरी गेली आणि ते दीर्घकाळ बेकार राहिले. घर सांभाळले ते आईने. तिने आधी शिकवण्याचे काम केले आणि नंतर सेंट लुइसच्या कलासंग्रहालयात ग्रंथपालाची नोकरी केली. म्हणजे पुढे ‘पुरुष कमावता आणि स्त्री घरी’ या व्यवस्थेची सर्वांत ठाम कैवारी झालेली मुलगी आईच्या पगारावर वाढली होती. हा विरोधाभास तिच्या टीकाकारांनी पुष्कळदा दाखवला आहे. मला मात्र त्यातून दुसरेही काही दिसते. वडिलांचे काम जाणे म्हणजे घरावर काय ओढवणे असते, हे त्या मुलीने शाळकरी वयात पाहिले होते, आणि कुटुंबाच्या पोषणाची जबाबदारी कायद्याने नवऱ्यावर असावी या पुढच्या आग्रहाला ती आठवण चिकटलेली असावी.

शिक्षण सेक्रेड हार्ट पंथाच्या जोगिणींच्या शाळेत झाले. तिथली शिस्त आणि लेखनाचा सराव दोन्ही आयुष्यभर उपयोगी पडले.

३. महायुद्धाच्या काळात त्या बंदुका चालवत होत्या, हे खरे का?

खरे आहे, पण रणांगणावर नव्हे. कॉलेजच्या खर्चासाठी त्या सेंट लुइसच्या दारूगोळा कारखान्यात रात्रपाळी करत. तिथे तयार झालेली काडतुसे रायफली आणि मशीनगनमधून झाडून तपासणे, हे त्यांचे काम होते. रात्री काडतुसे आणि सकाळी तास, असे करून त्यांनी १९४४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी रॅडक्लिफमधून शासनव्यवहार या विषयात एम. ए. केले. हे वॉशिंग्टन विद्यापीठ सेंट लुइसमधले. राजधानी वॉशिंग्टनशी त्याची गल्लत अनेकजण करतात. १९४९ मध्ये त्यांनी वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या फ्रेड श्लॅफ्ली या वकिलाशी लग्न केले. दोघांना चार मुलगे आणि दोन मुली झाल्या.

४. त्यांना प्रकाशक का म्हणायचे? स्वतःचीच पुस्तके तर छापली ना?

हा प्रश्न थोड्या हेटाळणीने विचारला जातो, पण त्याचे उत्तर गांभीर्याने द्यायला हवे. त्यांच्या प्रकाशनसंस्थेचे नाव होते ‘पेअर मार्केट प्रेस’. सतराव्या शतकात मिसिसिपीच्या प्रवाहाने प्रवास करणाऱ्या एका फ्रेंच जेझुइट धर्मगुरूचे हे नाव. पत्ता ऑल्टनचा. न्यू यॉर्कची मोठी प्रकाशनगृहे आपल्यासारख्यांची पुस्तके घेणार नाहीत, घेतली तरी पुस्तकांच्या दुकानांत ती मागे पडतील आणि परीक्षणे येणार नाहीत, हे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून दुकान, परीक्षण आणि वितरक या तिघांनाही वगळून थेट टपालाने वाचकापर्यंत जाण्याचा मार्ग त्यांनी निवडला.

ज्यांच्या घरातून कधी एखाद्या संस्थेचे मुखपत्र किंवा छोटे मासिक निघाले असेल, त्यांना हे काम वेगळे समजावून सांगायला नको. छपाईहून आलेले गठ्ठे सोडायचे, अंक दुमडायचे, पत्त्याच्या पट्ट्या चिकटवायच्या, टपाल खात्याच्या नियमाप्रमाणे गावागावांचे जुडगे बांधायचे, आणि वर्गणी संपलेल्यांची नावे वहीत वेगळी काढायची. असल्या कामात मजकुराइतकीच ती वही महत्त्वाची असते. कोण पैसे पाठवते, कोण दहा प्रती जास्त मागवते, कोणत्या गावातून एकही पत्र येत नाही, हे संपादकाला त्या वहीतून कळते. श्लॅफ्लींना ते नीट कळत होते, आणि पुढच्या प्रत्येक लढ्यात त्यांनी सर्वांत आधी त्या यादीला हाक दिली.

सगळीच पुस्तके मात्र घरची नव्हती. हेन्री किसिंजर यांच्यावरचा निवृत्त ॲडमिरल चेस्टर वॉर्ड यांच्यासोबत लिहिलेला आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ १९७५ मध्ये ‘आर्लिंग्टन हाउस’ने काढला. ती संस्था नील मॅकॅफ्री या दुसऱ्या एका पुराणमतवादी कॅथलिक प्रकाशकाची होती.

५. ‘अ चॉइस नॉट ॲन एको’ या पुस्तकात असे काय होते की लाखो प्रती खपल्या?

हे छोटे कागदी बांधणीचे पुस्तक १९६४ च्या वसंतात निघाले. किंमत होती ७५ सेंट. रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार सामान्य कार्यकर्ते निवडत नाहीत, न्यू यॉर्कमधले मूठभर धनिक आणि प्रसारमाध्यमांतले त्यांचे मित्र आधीच ठरवून टाकतात, आणि म्हणूनच पक्ष पुन्हा पुन्हा मिळमिळीत उमेदवार देऊन हरतो, असे त्यातले म्हणणे होते. शीर्षक रिपब्लिकन सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांच्या शब्दांवरून घेतले होते. आपण मतदारांना दुसऱ्या पक्षाचा प्रतिध्वनी ऐकवणार नाही, खरा पर्याय देऊ, असे त्यांनी त्या वर्षीच्या जानेवारीत उमेदवारी जाहीर करताना सांगितले होते.

पहिली आवृत्ती २५ हजारांची होती. नोव्हेंबरपर्यंत खपाचा आकडा ३० लाखांवर गेला. हा खप एकेका ग्राहकाने एकेक प्रत विकत घेऊन झालेला नाही. घाऊक मागणीला किंमत खूप उतरत असे, त्यामुळे कार्यकर्ते शेकड्यांनी प्रती घेत आणि घरोघर, सभांमध्ये, शेजारीपाजारी वाटत. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या प्राथमिक निवडणुकीआधी तिथे या पुस्तकाचा अक्षरशः पूर आला, आणि गोल्डवॉटर यांनी ती निवडणूक थोडक्या फरकाने जिंकली. विजयाचे किती श्रेय पुस्तकाला द्यावे यावर दुमत आहे, पण काही श्रेय आहे याबद्दल फारसे नाही.

पुस्तकाच्या मजकुराबद्दल माझे मत सांगतो. पक्षाच्या पूर्वकिनारी पुढाऱ्यांचा उमेदवार-निवडीवर मोठा प्रभाव होता, हे निरीक्षण बरोबर होते. त्या प्रभावाला गुप्त कटाचे रूप देणे मात्र पुराव्याला धरून नव्हते, आणि मागच्या साठ वर्षांत अमेरिकेत कटाच्या भाषेने जे नुकसान केले ते पाहता ही बाब हलकी मानता येत नाही. गोल्डवॉटर नोव्हेंबरमध्ये सपाटून हरले. त्यांना अवघी सहा राज्ये मिळाली.

६. ‘फिलिस श्लॅफ्ली रिपोर्ट’ काय होता आणि तो कसा सुरू झाला?

एका पराभवातून. १९६७ मध्ये रिपब्लिकन महिलांच्या राष्ट्रीय महासंघाच्या अध्यक्षपदासाठी श्लॅफ्ली उभ्या राहिल्या आणि हरल्या. पक्षाच्या वरिष्ठांनी आपल्याला पाडले अशी त्यांची खात्री होती. संघटना सोडून जायच्या बेतात असलेल्या समर्थक स्त्रियांना त्यांनी थांबवले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्यासाठी एक मासिक वार्तापत्र सुरू केले. चार पाने, एक विषय, आटोपशीर परिच्छेद, आणि शेवटी वाचकाने काय करायचे ते स्पष्ट सांगितलेले. सुरुवातीला वर्गणीदार काही हजारच होते. हे पत्र त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे निघत राहिले.

फेब्रुवारी १९७२ चा अंक निर्णायक ठरला. तोवर त्यांचा आवडीचा विषय क्षेपणास्त्रे आणि सोव्हिएत रशिया हा होता. स्त्रियांच्या हक्कांवर त्यांनी फारसे लिहिलेच नव्हते. एका वादविवादाचे निमंत्रण आले म्हणून त्यांनी समान हक्क दुरुस्तीचा अभ्यास केला, आणि ‘स्त्रियांच्या समान हक्कांत चुकीचे काय आहे?’ अशा आशयाच्या मथळ्याने तो अंक निघाला. त्याचा परिणाम प्रश्न ९ मध्ये पाहा.

७. कॅथलिक श्रद्धेचा त्यांच्या राजकारणाशी किती संबंध होता?

खूप, पण तो थेट पोपच्या आज्ञेने चालणारा नव्हता. त्यांच्या पिढीतल्या अमेरिकी कॅथलिकांसाठी साम्यवाद हा आधी धर्मावरचा घाला होता, अर्थव्यवस्थेचा वाद नंतरचा. हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिंडसेन्टी यांना तिथल्या सरकारने १९४८ च्या डिसेंबरात अटक केली आणि पुढच्या वर्षी जन्मठेप दिली. १९५६ च्या उठावात त्यांची सुटका झाली, पण उठाव चिरडला गेल्यावर त्यांनी बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत आश्रय घेतला आणि १९७१ पर्यंत ते तिथेच अडकून राहिले. प्रत्येक चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होत असे. १९५८ मध्ये श्लॅफ्ली, त्यांचे पती आणि नणंद एलिनॉर यांनी सेंट लुइसमध्ये या कार्डिनलच्या नावाने प्रतिष्ठान काढले, आणि त्याच्या वतीने गावोगाव साम्यवादाविषयीचे अभ्यासवर्ग चालवले. घराच्या दिवाणखान्यात आठदहा माणसे, वाचायला दिलेले टिपण आणि नंतर चर्चा, ही पद्धत त्यांनी पुढे स्त्रियांच्या चळवळीत जशीच्या तशी वापरली.

त्यांचे कौशल्य असे की, चळवळ कॅथलिकांपुरती ठेवली नाही. बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट, मॉर्मन आणि सनातनी ज्यू स्त्रिया एका मंचावर आल्या. शतकभर एकमेकींच्या चर्चची पायरीही न चढलेल्या या स्त्रियांना एकत्र बसवणे सोपे नव्हते. आजच्या अमेरिकेतली धार्मिक उजव्यांची आघाडी ज्यांनी आधी करून दाखवली, त्यांत श्लॅफ्लींचे स्थान वरचे आहे.

८. समान हक्क घटनादुरुस्ती म्हणजे काय? अमेरिकेच्या घटनेत समानता आधीच नव्हती का?

भारतीय वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या घटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये लिंगावरून भेदभाव करू नये असे सुरुवातीपासून लिहिले आहे, आणि त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात स्त्रिया व बालकांसाठी विशेष तरतुदी करण्याची मुभाही ठेवली आहे. अमेरिकेच्या घटनेत लिंगभेदाविरुद्ध असे सर्वसाधारण कलम नाही. १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने मताधिकार दिला, तेवढाच. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत कायद्याच्या समान संरक्षणाची हमी होती, पण तिच्या आधारे लिंगभेद करणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने पहिल्यांदा रद्द केला तो १९७१ मध्ये. मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्यासाठी पुरुषाला प्राधान्य देणारा तो आयडाहो राज्याचा कायदा होता.

ही उणीव भरून काढण्यासाठी ॲलिस पॉल यांनी १९२३ मध्ये दुरुस्ती सुचवली. लिंगाच्या कारणावरून कोणाचेही कायदेशीर समान हक्क केंद्राने किंवा राज्याने नाकारू नयेत, एवढाच तिचा गाभा. लक्षात घ्यावे असे की तिच्यात आपल्या पंधराव्या अनुच्छेदासारखा विशेष तरतुदींचा खंड नव्हता. श्लॅफ्लींचा सारा युक्तिवाद त्या रिकाम्या जागेत उभा होता.

९. दोन्ही सभागृहांनी प्रचंड बहुमताने मंजूर केलेली दुरुस्ती मग अडली कशी?

प्रतिनिधिगृहात ३५४ विरुद्ध २४, आणि २२ मार्च १९७२ रोजी सिनेटमध्ये ८४ विरुद्ध ८ मतांनी ती मंजूर झाली. पण तिथे घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश, म्हणजे ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. आपल्याकडे काही विशिष्ट दुरुस्त्यांनाच राज्यांची मान्यता लागते आणि तीही निम्म्या राज्यांची, हे पाहिले की अमेरिकेतली अट किती कडक आहे ते ध्यानात येते. तेरा राज्ये अडून बसली की काम थांबले. श्लॅफ्लींनी ही बेरीज सर्वांत आधी केली.

हवाईने सिनेटच्या मतदानाच्या दिवशीच मान्यता दिली, आणि वर्षभरात हा आकडा ३० पर्यंत पोचला. त्यानंतर गाडी रखडली. १९७७ मध्ये इंडियाना हे ३५ वे राज्य ठरले, आणि मुदतीत त्यापुढे एकही राज्य आले नाही. मधल्या काळात पाच राज्यांनी दिलेली मान्यता मागे घेण्याचे किंवा संपवण्याचे ठराव केले.

श्लॅफ्लींनी १९७२ मध्येच ‘स्टॉप ईआरए’ ही संघटना काढली. ‘ईआरए’ म्हणजे ही समान हक्क दुरुस्ती, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. ‘स्टॉप’ ही अक्षरे ‘आमच्या सवलती काढून घेणे थांबवा’ या अर्थाच्या इंग्रजी घोषणेची आद्याक्षरे होती. राज्याराज्यांत प्रमुख नेमल्या, दूरध्वनीची साखळी बांधली, आणि १९७५ मध्ये ‘ईगल फोरम’ ही कायमची संघटना उभी केली. सेंट लुइसला प्रशिक्षण शिबिरे होत. तिथे गृहिणींना साक्ष कशी द्यायची, दूरचित्रवाणीवर कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, चिडवणाऱ्या प्रश्नाला हसत उत्तर कसे द्यायचे, हे उभे करून शिकवले जाई.

विधिमंडळातले एक दृश्य या चळवळीची पद्धत नेमकी दाखवते. मतदानाच्या दिवशी इलिनॉयच्या राजधानीत स्त्रिया घरी भाजलेले पाव घेऊन येत. पाव अजून कोमट असायचा, वर कागद गुंडाळलेला, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले असायचे की पाव भाजणाऱ्यांकडून पाव कमावून आणणाऱ्यांना. आमदाराच्या टेबलावर निवेदनांचा ढीग रोजच असतो. पाव मात्र तो घरी नेतो, आणि रात्री जेवताना ती चिठ्ठी बायकोला दाखवतो. इलिनॉयमध्ये अशा मतदानाला तीन पंचमांश बहुमताचा नियम होता. जून १९८० मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ७१ मते पडली. साधे बहुमत भरपूर होते. हवी होती १०७. पाच मतांनी दुरुस्ती पडली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मुदत १९७९ वरून ३० जून १९८२ पर्यंत वाढवून दिली होती, तीही संपली.

१०. त्यांचे मुद्दे खरे होते की नुसती भीती पसरवली?

दोन्ही. मुद्दा घेऊन मुद्दा तपासावा लागतो.

सक्तीच्या लष्करभरतीचा मुद्दा खरा होता. दुरुस्ती झाली तर मुलींनाही सक्तीने भरती करावे लागेल, असे त्या म्हणत. येल विद्यापीठाच्या कायदाविषयक नियतकालिकात १९७१ मध्ये दुरुस्तीच्याच समर्थकांनी लिहिलेल्या मोठ्या लेखात हे मान्य केले होते, आणि श्लॅफ्ली तो लेख सभांमध्ये दाखवत. सिनेटर सॅम अर्विन यांनी स्त्रियांना भरतीतून वगळणारी सूचना मांडली होती. ती फेटाळली गेली. व्हिएतनाममधून शवपेट्या येत असताना हा मुद्दा कोणत्याही आईच्या काळजाला भिडणारा होता. समर्थकांनी त्याला सरळ उत्तर देण्याऐवजी तो टाळला, ही त्यांची मोठी चूक असे मला वाटते.

पतीने पोसण्याच्या हक्काचा मुद्दा मात्र तपासून पाहिला की विरघळतो. गृहिणीला पतीकडून पोषण मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि दुरुस्ती तो हिरावून घेईल, असे त्या सांगत. कागदावर तो हक्क होताच. पण १९५३ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयापुढे मॅकग्वायर खटला आला होता. नवरा सधन शेतकरी, लग्नाला तीन दशकांहून जास्त काळ झालेला, आणि बायकोला अंगावरच्या कपड्यांसाठी पैसे नाहीत, घरात न्हाणीघरसुद्धा नाही. न्यायालयाने सांगितले की, पती-पत्नी एका छपराखाली राहत आहेत तोवर खर्च कसा करायचा हे न्यायालय ठरवणार नाही. म्हणजे ज्या हक्काच्या रक्षणासाठी लाखो स्त्रियांनी पत्रे लिहिली, तो हक्क चालू संसारात बजावून घेता येतच नव्हता. ही गोष्ट त्यांच्या वार्तापत्राने वाचकांना ठळकपणे सांगायला हवी होती. कायदा वाचणाऱ्या संपादकाकडून माझी ती अपेक्षा आहे, आणि ती पुरी होत नाही याचे मला वाईट वाटते.

समलिंगी विवाहाला वाट मिळेल, हेही त्या सांगत. ती वाट २०१५ मध्ये मिळाली खरी, पण चौदाव्या दुरुस्तीतून. समान हक्क दुरुस्ती नसतानाच.

११. चर्चशी त्यांचे कधी मतभेद झाले का?

झाले, आणि ते महत्त्वाचे आहेत, कारण ‘कॅथलिक पुराणमतवादी’ म्हणजे बिशपांचे म्हणणे पुढे नेणारा असे सरसकट समजले जाते. गर्भपाताच्या प्रश्नावर त्या आणि चर्च एकाच बाजूला होते; रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यातले गर्भपातविरोधी कलम टिकवण्यासाठी त्यांनी १९९० मध्ये वेगळी संघटनाही काढली. अण्वस्त्रांबाबत मात्र त्या उलट टोकाला होत्या. अमेरिकी बिशपांनी १९८३ मध्ये अण्वस्त्र स्पर्धेवर कठोर पत्रक काढले; श्लॅफ्ली अणुबाॅम्बला ईश्वराने आपल्या देशाला दिलेली अद्भुत देणगी म्हणत. स्थलांतरितांविषयी बिशपांची भूमिका सहानुभूतीची होती आणि श्लॅफ्लींची कडक निर्बंधांची.

१२. इतर स्त्रियांना घर सांभाळा म्हणायचे आणि स्वतः देशभर फिरायचे, ही विसंगती नाही का?

हा सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न आहे. त्यांचे उत्तर ठरलेले असे: स्त्रीने बाहेर काम करू नये असे मी कधीच म्हटले नाही, गृहिणीला कमी लेखू नका आणि तिचे संरक्षण काढू नका एवढेच म्हटले. भाषणाच्या सुरुवातीला त्या हमखास पतीचे आभार मानत, की त्यांनी मला इथे येऊ दिले. हे वाक्य विरोधकांना झोंबते हे ठाऊक असल्यामुळेच त्या ते म्हणत, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वयाच्या पन्नाशीनंतर त्यांनी कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि १९७८ मध्ये पदवी घेतली.

शब्दशः पाहिले तर त्यांचे उत्तर चुकीचे नाही. पण आयुष्याकडे पाहिले तर प्रश्न उरतोच. समजूतदार नवरा, पुरेसा पैसा, घरात मदतीला माणूस आणि लहानपणापासून मिळालेले उत्तम शिक्षण एवढे सगळे ज्या स्त्रीला मिळते, तिला कायद्याच्या आधाराची गरज कमी असते. मॅकग्वायरच्या बायकोला यातले काहीच मिळाले नव्हते.

१३. त्या कधी निवडून आल्या का? मोठे सरकारी पद मिळाले का?

काँग्रेसवर निवडून जाता आले नाही. १९५२ आणि १९७० मध्ये पक्षाची उमेदवारी मिळूनही त्या हरल्या. संविधानाच्या द्विशताब्दीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाच्या त्या १९८५ ते १९९१ सदस्य होत्या. त्यांचा खरा प्रभाव पक्षाच्या जाहीरनाम्यावर दिसतो: १९४० पासून समान हक्क दुरुस्तीला पाठिंबा देणाऱ्या रिपब्लिकन पक्षाने १९८० मध्ये तो पाठिंबा काढून घेतला.

१४. त्या जॉन बर्च सोसायटीच्या सदस्य होत्या का?

या कडव्या साम्यवादविरोधी संघटनेचे संस्थापक रॉबर्ट वेल्च यांनी १९६० मध्ये श्लॅफ्लींचा उल्लेख निष्ठावान सदस्य असा केला होता. श्लॅफ्लींनी सदस्यत्वाचा नेहमी इन्कार केला. विचारांची आणि वाचकवर्गाची जवळीक मात्र उघड होती, आणि प्रश्न ५ मधल्या पुस्तकाच्या प्रसाराला तिचा उपयोग झाला.

१५. समान हक्क दुरुस्ती आता मेली की जिवंत आहे?

कायदेशीर उत्तर अजून वादात आहे. नेवाडाने २०१७ मध्ये, श्लॅफ्लींच्या इलिनॉयने २०१८ मध्ये आणि व्हर्जिनियाने जानेवारी २०२० मध्ये मान्यता दिली, आणि ३८ चा आकडा पुरा झाला. पण मुदत १९८२ मध्येच संपली होती, आणि पाच राज्यांच्या माघारीचे काय करायचे (प्रश्न ९) हेही ठरलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी ही दुरुस्ती घटनेचा भाग झाली आहे असे आपले मत जाहीर केले. घटनेच्या अधिकृत प्रतीत तिची नोंद मात्र राष्ट्रीय अभिलेखपालांनी केली नाही.

१६. अमेरिकेतल्या मराठी माणसाचा त्यांच्याशी काही संबंध येतो का?

येतो, व्हिसाच्या निमित्ताने. १९९० च्या कायद्याने आलेल्या एच-वन-बी व्हिसाच्या त्या कट्टर विरोधक होत्या. पुण्या-मुंबईतून गेलेल्या हजारो इंजिनिअरांनी याच व्हिसावर तिथे पहिली नोकरी धरली. कंपन्या स्वस्तातले परदेशी इंजिनिअर आणून अमेरिकी इंजिनिअरांना घरी बसवतात, असे त्यांनी आपल्या स्तंभांतून वारंवार लिहिले. मुक्त व्यापारालाही त्यांचा विरोध होता, आणि त्या बाबतीत त्या स्वतःच्या पक्षाच्या धनिक पुढाऱ्यांच्या विरुद्ध गेल्या. बेकार झालेल्या इंजिनिअरची मुलगी हे लिहीत होती, हे लक्षात ठेवून ते स्तंभ वाचावेत. ज्यांच्याविरुद्ध लिहिले तेही कुणाच्या तरी घरचे कमावते होते, हे त्या स्तंभांत कुठे येत नाही.

१७. शेवटच्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या संघटनेत फूट पडली, ते प्रकरण काय होते?

मार्च २०१६ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी डॉनल्ड ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला. ‘ईगल फोरम’मधल्या अनेक जुन्या सहकाऱ्यांना दुसरा उमेदवार हवा होता. एप्रिलमध्ये संचालक मंडळातल्या सहा जणींनी श्लॅफ्लींनी नेमलेल्या अध्यक्षांना दूर करण्याचा ठराव केला. त्या सहांत त्यांची एक मुलगीही होती. प्रकरण न्यायालयात गेले, आणि श्लॅफ्लींच्या बाजूच्या लोकांनी वेगळी संघटना काढली. भांडणात पैशाबरोबरच पत्त्यांच्या यादीचाही प्रश्न होता. १९६७ पासून एकेक नाव जोडत आणलेली ती यादी कोणाची, यावर वकील भांडत होते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी सेंट लुइसजवळच्या लादू इथल्या घरी त्यांचे निधन झाले. ट्रम्प यांच्या समर्थनाचे त्यांचे शेवटचे पुस्तक दुसऱ्याच दिवशी बाजारात आले. १० सप्टेंबरला सेंट लुइसच्या कॅथेड्रलमध्ये झालेल्या अंत्यविधीत ट्रम्प बोलले.